लॉक लागतो, लॉक सुटतो

१४ सप्टेंबर २०१५ रोजी गुरुत्वीय लहर, म्हणजे खुद्द अवकाशात उठलेला तरंग, पहिल्यांदा टिपली गेली, तेव्हा अमेरिकेतल्या लिव्हिंग्स्टनला पहाटेचे ४:५० वाजले होते आणि हॅनफर्डला रात्रीचे २:५०. सगळा मामला सेकंदाच्या पाचव्या हिश्शात आटोपला. या घटनेबद्दल लिहिताना ती लहर उठवणाऱ्या कृष्णविवरांच्या टकरीवर पानंच्या पानं खर्च होतात, आणि ते योग्यच आहे. पण त्यामागची एक अट सहसा कुणी सांगत नाही. अशा लहरी टिपणाऱ्या लायगो या वेधशाळेची लिव्हिंग्स्टन आणि हॅनफर्डमधली दोन्ही यंत्रं त्या क्षणी ‘लॉक’मध्ये होती. तशी नसती, तर सव्वाशे कोटींहून जास्त वर्षं प्रवास करून आलेली ती लहर कुणाच्या नकळत पृथ्वी ओलांडून गेली असती.

यंत्र सुरू असणं वेगळं आणि लॉकमध्ये असणं, म्हणजे त्यातल्या आरशांमधली अंतरं नेमकी पकडून ठेवलेली असणं, वेगळं. लायगोच्या प्रत्येक वेधशाळेला काटकोनात दोन भुजा आहेत, प्रत्येकी ४ किलोमीटर लांबीच्या. भुजेच्या दोन्ही टोकांना ४० किलोचा एकेक आरसा काचेच्या तंतूंवर टांगलेला असतो. हे तंतू जेमतेम ०.४ मिलिमीटर जाडीचे. दोन आरशांमध्ये लेझरचा प्रकाश शेकडो वेळा ये-जा करतो. पहिल्या लहरीनं भुजेच्या लांबीत जो फरक पडला, तो प्रोटॉनच्या व्यासाच्या साधारण चारशेव्या भागाइतका होता.

अडचण अशी, की टांगलेला आरसा स्वस्थ बसत नाही. जमिनीच्या बारीक हालचालींनी तो मायक्रोमीटरभर, म्हणजे हजार नॅनोमीटर, डोलत राहतो. भुजेत प्रकाश साठतो तो मात्र आरशांमधलं अंतर साधारण एका नॅनोमीटरच्या पट्टीत असेल तेव्हाच. पट्टीबाहेर गेलात की मोजमापाला अर्थच उरत नाही. आरसा पुढे ढकलायचा की मागे, हेही नियंत्रकाला कळत नाही. आणि अशी एकच लांबी नाही, पाच लांब्या एकाच वेळी सांभाळायच्या असतात. आरशांचे कोन आणखी वेगळे.

यावर काढलेला तोडगा मला फार आवडतो. भुजांच्या टोकांकडून निम्म्या तरंगलांबीचा हिरवा लेझर आत सोडतात. हिरव्या प्रकाशासाठी ही पट्टी बरीच रुंद असते, म्हणून त्याच्या आधारानं भुजा आधी मुद्दाम मुख्य लेझरच्या पट्टीपासून थोड्या दूर धरून ठेवतात. मग मधल्या भागातल्या तीन लांब्या जागेवर आणतात आणि शेवटी भुजा हळूहळू सरकवत मुख्य लेझरच्या ताब्यात देतात. एकदा पकड बसली, की संगणक सेकंदाला १६,३८४ वेळा आरशांची स्थिती तपासून त्यांना किंचित ढकलत राहतो.

हा सगळा क्रम सांभाळणाऱ्या प्रणालीचं नाव गार्डियन. अमेरिकेतल्या कॅलटेक या संस्थेच्या जेमसन रोलिन्स यांनी २०१६ मध्ये तिचं सविस्तर वर्णन प्रसिद्ध केलं. लेझर, प्रत्येक आरशाची टांगणी, जमिनीचे धक्के शोषणारे मंच, अशा एकेका भागावर गार्डियनचा एकेक छोटा प्रोग्राम बसवलेला असतो आणि त्यांच्यावर देखरेखीला वरचे प्रोग्राम असतात. प्रत्येकाकडे स्वतःचा नकाशा असतो: कोणकोणत्या अवस्था शक्य आहेत आणि कुठल्या अवस्थेतून कुठं जाता येतं. कंट्रोल रूममधला ऑपरेटर शेवटची अवस्था तेवढी मागतो. हॅनफर्डला तिचं नाव ‘नॉमिनल लो नॉइज’, म्हणजे कमी गोंगाटाची नेहमीची अवस्था. तिथवरची वाट गार्डियन स्वतः शोधतो आणि एक पायरी पक्की झाल्याशिवाय पुढची चढत नाही. सगळं सुरळीत झालं तरी यात अर्धा तास सहज जातो.

माझ्या मते गार्डियनची खरी हुशारी चढण्यात नाही, पडण्यात आहे. भुजांमधला प्रकाश अचानक घसरला की तो ‘लॉकलॉस’, म्हणजे लॉक सुटल्याचं, ओळखतो आणि थेट ‘डाउन’ या अवस्थेत उडी मारतो. तिथलं पहिलं काम म्हणजे ढकलणं थांबवणं. कारण लॉक सुटल्यावर नियंत्रक जुन्याच सवयीनं जोर लावत राहिला, तर त्याला मिळणारा संकेत निरर्थक असतो आणि आरशांना दणके बसतात. अशा दणक्यांनी काचेचे तंतू व्हायोलिनच्या तारांसारखे सुमारे ५०० हर्ट्झला झंकारू लागतात. तंतू इतके शुद्ध असतात, की तो झंकार आपणहून लवकर विरत नाही. मग तो शमवण्यासाठी वेगळं नियंत्रण लावावं लागतं.

लॉक सुटण्याचं एक मोठं कारण म्हणजे दूरचे भूकंप. जपानजवळ मोठा भूकंप झाला, की त्याच्या पृष्ठीय लहरी सेकंदाला तीन-चार किलोमीटर वेगानं निघतात आणि अमेरिकेत पोचायला त्यांना अर्ध्या तासाहून अधिक वेळ लागतो. अमेरिकी भूसर्वेक्षण खात्याचा इशारा त्याच्या बराच आधी येऊन पोचतो. त्यावरून जमीन किती हलेल याचा अंदाज बांधतात आणि मंचांचं नियंत्रण भूकंपासाठीच्या पद्धतीवर नेतात. एरवी मंच जमिनीशी झगडून जागच्या जागी राहायला बघतो. भूकंपाच्या लहरीची लांबी मात्र दहा-वीस किलोमीटरच्या पुढे, कितीतरी वेळा त्याहून बरीच जास्त. तिच्यापुढे ४ किलोमीटरची भुजा लहानच. दोन्ही टोकं जवळजवळ एकत्रच वरखाली होतात. तेव्हा झगडण्यापेक्षा जमिनीबरोबर डोललेलं बरं, कारण महत्त्व आहे ते आरशांमधल्या अंतराला.

या साऱ्या खटपटीचा हिशेब आकड्यांत असा: एप्रिल ते सप्टेंबर २०१९ या सहा महिन्यांत हॅनफर्ड ७१ टक्के आणि लिव्हिंग्स्टन ७६ टक्के वेळ निरीक्षण करत होतं. उरलेल्या वेळात आलेल्या लहरी त्या यंत्रापुरत्या गेल्याच.

सावरण्याचीही किंमत असते. आरशाला ढकलणारा प्रत्येक हात त्याला थोडा हलवतोही, आणि १० ते ३० हर्ट्झच्या पट्ट्यात हा गोंगाट जड कृष्णविवरांचे संकेत झाकून टाकतो. सप्टेंबर २०२५ मध्ये गूगलची कृत्रिम बुद्धिमत्तेवर काम करणारी कंपनी डीपमाइंड आणि लायगो यांच्या संशोधकांनी ‘सायन्स’ या नियतकालिकात दाखवलं, की यंत्रशिक्षणातून घडवलेल्या नियंत्रकानं लिव्हिंग्स्टनच्या सर्वात अस्थिर कोनीय नियंत्रणाचा गोंगाट ३० ते १०० पटींनी कमी केला. नियंत्रक बसवणं म्हणजे केवळ पकड घट्ट करणं नव्हे, हे त्यातून फार छान दिसतं.

आता हेच यंत्र हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ उभं राहणार आहे. केंद्रीय मंत्रिमंडळानं एप्रिल २०२३ मध्ये सुमारे २,६०० कोटी रुपयांच्या लायगो-इंडियाला अंतिम मंजुरी दिली. यंत्राचा गाभा अमेरिकेतल्यासारखाच असेल, पण जमीन इथली असेल. मार्च २०२४ मध्ये याच जिल्ह्यात ४.५ तीव्रतेचा भूकंप झाला. इतक्या जवळच्या धक्क्याला अर्ध्या तासाची सवलत नसते. लहरी काही सेकंदांतच येऊन थडकतात, म्हणजे जपानच्या भूकंपासाठी रचलेला इशारा इथं उपयोगी पडणार नाही. तिथं कामी येईल ती तातडीनं ‘डाउन’मध्ये जाऊन आरसे मोकळे सोडण्याची हातोटी. त्यासाठीचे उंबरठे, कोणत्या धक्क्याला टिकायचं आणि कोणत्या धक्क्याला सोडून द्यायचं, ते औंढ्याच्याच नोंदींवरून ठरवावे लागतील.