रियुनियन पट (हेरमालिकांचा)

बंद पडलेल्या लोकप्रिय मालिकेतल्या मूळ नटांना पुष्कळ वर्षांनी त्याच भूमिकांत परत आणून केलेला दीड-दोन तासांचा दूरचित्रपट. अमेरिकन दूरचित्रवाणीवर १९७० च्या दशकाच्या अखेरीपासून पुढची पंधरा-वीस वर्षे या प्रकाराची चलती होती. जुना प्रेक्षक एका रात्रीसाठी टीव्हीसमोर आणायचा आणि प्रतिसाद बरा मिळाला तर त्याच नावाची नवी मालिका सुरू करायची, असा त्यामागचा सरळ हिशेब. हेरमालिका या हिशेबात चपखल बसत. नाव सर्वांच्या तोंडी असते, धून पाठ असते, आणि ‘पुन्हा एक कामगिरी आली’ एवढे निमित्त कथेला पुरते. इतके सगळे आयते मिळूनही यातले बहुतेक पट फसले. त्यांतला सर्वांत बोलका नमुना म्हणजे ५ एप्रिल १९८३ रोजी सीबीएस वाहिनीवर दाखवला गेलेला ‘द रिटर्न ऑफ द मॅन फ्रॉम अंकल : द फिफ्टीन इयर्स लेटर अफेअर’.

मूळ मालिका. ‘द मॅन फ्रॉम अंकल’ ही मालिका एनबीसी वाहिनीवर २२ सप्टेंबर १९६४ ते १५ जानेवारी १९६८ या काळात चालली. तिचे १०५ भाग झाले. निर्माते नॉर्मन फेल्टन, मांडणी सॅम रॉल्फ यांची. आरंभीच्या विचारविनिमयात जेम्स बाँडचे जनक इयन फ्लेमिंगही होते आणि नायकाचे नेपोलियन सोलो हे नाव त्यांच्याकडूनच आले. रॉबर्ट वॉन यांचा सोलो अमेरिकन, डेव्हिड मॅक्कलम यांचा इल्या कुर्याकिन रशियन; दोघेही ‘अंकल’ या काल्पनिक हेरसंस्थेचे. क्यूबाच्या क्षेपणास्त्र संकटाला जेमतेम दोन वर्षे झाली असताना अमेरिकन घरांतल्या पडद्यावर एक रशियन माणूस मित्र म्हणून दर आठवड्याला येऊ लागला, हे त्या काळी लहान धाडस नव्हते. कुर्याकिनची भूमिका सुरुवातीला किरकोळच होती. प्रेक्षकांनी, त्यातही तरुण मुलींनी, त्याला उचलून धरले आणि तो सोलोच्या बरोबरीला आला.

मालिकेचे जग बारकाईने रचलेले होते. न्यूयॉर्कमधल्या डेल फ्लोरियाच्या शिंप्याच्या दुकानात शिरायचे, कपडे बदलण्याच्या खोलीत जाऊन भिंतीवरची खुंटी फिरवायची, की भिंत सरकून आत मुख्यालय. छातीला त्रिकोणी बिल्ला. सोलोचा क्रमांक ११, कुर्याकिनचा २. खिशातल्या पेनातून संपर्क. समोर ‘थ्रश’ नावाची जगावर राज्य करू पाहणारी टोळी. वरिष्ठ अलेक्झांडर वेव्हर्ली, म्हणजे लिओ जी. कॅरोल, पाइप हातात धरून अणुबाँबची बातमीही हवापाण्याच्या गप्पा माराव्यात तशी सांगत. जवळजवळ प्रत्येक कथेत एखादा साधा नागरिक, कधी गृहिणी तर कधी शिक्षिका, या भानगडीत ओढला जाई. ही युक्ती फार हुशारीची होती, कारण त्या माणसाच्या जागी प्रेक्षक स्वतःला बसवू शके. प्रत्येक भागाच्या नावाचा शेवट ‘अफेअर’ या शब्दाने होई. १९८३ च्या लांबलचक नावाचे मूळ तेच. १९६६ मध्ये ‘बॅटमॅन’ ही विनोदी ढंगाची मालिका गाजल्यावर तिसऱ्या पर्वात विनोदाचा अतिरेक झाला, प्रेक्षक दुरावले, आणि चौथ्या पर्वात सूर पुन्हा गंभीर करूनही मालिका मध्येच बंद करावी लागली.

१९८३ चा पट. वाहिनी बदललेली, मूळची एमजीएम कंपनीही यात नव्हती. लेखन-निर्मिती मायकेल स्लोन यांची, दिग्दर्शन रे ऑस्टिन यांचे. संगीतकार जेरल्ड फ्रीड आणि छायालेखक फ्रेड कोनेकॅम्प हे जुन्या मंडळींपैकी दोघे मात्र होते. कॅरोल १९७२ मध्ये निवर्तले होते, म्हणून संस्थेचा नवा प्रमुख सर जॉन रॅली आणला गेला. ही भूमिका ‘द अ‍ॅव्हेंजर्स’ या ब्रिटिश हेरमालिकेतले पॅट्रिक मॅकनी यांनी केली. टेबलावर कॅरोल यांची चौकटीतली तसबीर ठेवलेली दिसते, आणि या पटातला खऱ्या आपुलकीचा क्षण बहुधा तेवढाच. सोलो नोकरी सोडून संगणकांच्या धंद्यात पडलेला, कुर्याकिन फॅशन डिझायनर झालेला. थ्रश अण्वस्त्र पळवते, खंडणी मागते, दोघांना परत बोलावले जाते.

इथवर ठीक. घोळ होतो तो यापुढे. बोलावल्यावर दोघांना वेगवेगळ्या वाटांनी पाठवले जाते. सोलोच्या वाट्याला एक रशियन नर्तिका येते, कुर्याकिनच्या वाट्याला संस्थेचा एक तरुण हेर. ज्यांना एकत्र बघायला लोक पंधरा वर्षे थांबले, ते दोघे बराच वेळ एका चौकटीतच येत नाहीत. शाळेच्या गेट-टुगेदरला जिवलग मित्रांची पाने वेगवेगळ्या पंगतीत मांडावीत तसला हा प्रकार. नागपुरी बोलीत विचारायचे तर, ‘‘दोघांले एका जागी आणाचं नव्हतं, तं बोलावलं काहून?’’

अपयशाची कारणे. वय हे कारण नेहमी पुढे केले जाते. ते फारसे पटत नाही. वॉन तेव्हा पन्नास वर्षांचे आणि मॅक्कलम एकोणपन्नास. त्याच १९८३ मध्ये रॉजर मूर आणि शॉन कॉनरी हे दोघेही बाँड म्हणून मोठ्या पडद्यावर होते, आणि ते या दोघांहून थोरले. प्रेक्षकांना पन्नाशीचा हेर चालत होता. खरे कारण लेखनात आहे. सोलो आणि कुर्याकिन यांची गंमत त्यांच्या हाणामारीत कधीच नव्हती. ती होती कामगिरीच्या ऐन मध्यात चालणाऱ्या टोमण्यांत, कोण पुढे जाणार आणि कोण मागे राहणार यावरच्या कुरबुरीत. एकाला हलवले की दुसराही अर्धा होतो. नव्या मालिकेची पायाभरणी करायची म्हणून तरुण हेर घुसवला गेला, आणि ज्यांच्या नावावर प्रेक्षक गोळा केला त्यांनाच जागा कमी पडली.

दुसरी उणीव अधिक खटकते. ८ मार्च १९८३ रोजी राष्ट्राध्यक्ष रेगन यांनी सोव्हिएत संघाला ‘दुष्ट साम्राज्य’ म्हटले. त्यानंतर महिना व्हायच्या आत हा पट प्रसारित झाला. अमेरिकन आणि रशियन माणसाची जुनी मैत्री दाखवायला याहून अचूक मुहूर्त मिळाला नसता. प्रसारणाच्या वेळेचा योगायोग सोडा, पण महासत्तांमधला तणाव काही त्या महिन्यात उगवलेला नव्हता. पटकर्त्यांनी मात्र रशियन माणसाला कपड्यांच्या दुकानात बसवले आणि राजकारणाकडे ढुंकूनही पाहिले नाही.

त्याऐवजी पाहुण्या गमतीजमती आहेत. एका पाठलागात जॉर्ज लेझनबी बाँडची गाडी अ‍ॅस्टन मार्टिन डीबी-५ घेऊन अवतरतात, नाव फक्त ‘जे. बी.’. एकदाच बाँड झालेला नट, बाँडच्या जनकाने नाव दिलेल्या नायकाला वाचवायला येतो. जाणकाराला हसू फुटते. पण प्रसंग संपल्यावर लक्षात येते की या पटातली सर्वांत चर्चिली जाणारी दोन-तीन मिनिटे दुसऱ्याच हेराची आहेत. मोठे घर पोकळ वासा म्हणतात ते हेच. अपेक्षित मालिका पुढे आलीच नाही.

मॅक्कलम यांना या भूमिकेने मरेपर्यंत सोडले नाही, आणि तिचा सर्वांत नेटका पुनरुच्चार भलत्याच मालिकेत झाला. ‘एनसीआयएस’ या गुन्हेतपासाच्या मालिकेत ते डॉ. डकी मॅलार्ड ही भूमिका करत. तिथे एकदा कोणीतरी विचारते, डकी तरुणपणी कसा दिसायचा? तपासपथकाचा प्रमुख गिब्स उत्तर देतो, ‘‘इल्या कुर्याकिनसारखा.’’ एका ओळीत काम झाले. वॉन २०१६ मध्ये आणि मॅक्कलम २०२३ मध्ये निधन पावले.

इतर उदाहरणे. ‘मिशन : इम्पॉसिबल’ १९८८ मध्ये परतली ती मालिका म्हणूनच. त्या वर्षी अमेरिकेत पटकथालेखकांचा प्रदीर्घ संप होता, म्हणून जुन्या संहिता काढून पुन्हा चित्रित करायच्या आणि खर्च वाचवण्यासाठी चित्रीकरण ऑस्ट्रेलियात, अशी शक्कल निघाली. पीटर ग्रेव्ह्ज जुन्याच पथकप्रमुख फेल्प्सच्या भूमिकेत होते. मूळ मालिकेतले ग्रेग मॉरिस यांचे चिरंजीव फिल मॉरिस पडद्यावरही त्यांच्या पात्राचे चिरंजीव झाले. दोन पर्वे निघाली. १९९४ च्या ‘आय स्पाय रिटर्न्स’मध्ये जुन्या हेरांची मुले हेर बनतात आणि बाप काळजीपोटी मागे मागे फिरतात, म्हणजे १९८३ चीच चूक, फक्त घरातली. विडंबनाच्या वाटेने गेलेला ‘गेट स्मार्ट, अगेन!’ (१९८९) त्या मानाने बरा उतरला. डॉन अ‍ॅडम्स आणि बार्बरा फेल्डन ही जोडी त्यात जोडी म्हणूनच वावरते.

नागपुरातील संदर्भ. १९८३ चा पट अमेरिकेत दाखवला गेला तेव्हा नागपुरात टीव्ही म्हणजे दूरदर्शन, एवढेच समीकरण होते. रंगीत चित्र आणि राष्ट्रीय कार्यक्रम १९८२ मध्ये सुरू झालेले. महाल-इतवारीच्या वाड्यांत एका घरच्या टीव्हीपुढे सगळी आळी बसे. वर्गणी काढून रात्रीपुरता व्हीसीआर आणला जाई, सोबत तीन-चार कॅसेटी, आणि पहाटेपर्यंत एकामागून एक हिंदी चित्रपट. त्या रांगेत इंग्रजी हेरपटाचा नंबर कुठून लागणार? १९९१ नंतर केबल आली तशी परदेशी मालिकांची ओळख झाली, आणि पुढे इंटरनेटवर अशा जुन्या मालिका हव्या तेव्हा पाहण्याची सोय झाली. त्यामुळे इथल्या प्रेक्षकाकडे सोलो-कुर्याकिनची लहानपणीची आठवण क्वचितच असते. आठवण नसली की रियुनियन पटाचे उसने तेज जाते आणि उरते ती निव्वळ पटकथा. १९८३ चा पट या कसोटीवर अधिकच पडतो.

शहराला पुनर्भेटीची सवय आहे, पण ती नाटकाची. सिव्हिल लाइन्समधल्या वसंतराव देशपांडे सभागृहात गाजलेली नाटके जुन्या किंवा नव्या संचात परत येतात आणि लोक तिकीट काढून जातात. तिथे नट थकलेला असेल, पण संहिता तीच असते. कोणत्या वाक्यावर टाळी पडायची हे नटाला आणि प्रेक्षकाला दोघांनाही ठाऊक असते. टीव्हीची पुनर्भेट चेहरे जुने आणते आणि वाक्ये नवी लिहिते.

याचा प्रत्यय मराठी घरांना ‘करमचंद’ने दिला. १९८५ मध्ये दूरदर्शनवर गाजर खाणारा पंकज कपूर यांचा गुप्तहेर आणि मदतनीस किटीला तो ऐकवी ते ‘शट अप किटी’ हे पालुपद शाळकरी पोरांच्याही तोंडी होते. २००७ मध्ये सोनी वाहिनीवर करमचंद परतला. नट तेच, गाजरही तेच, पण सुष्मिता मुखर्जी यांच्या जागी दुसरी किटी. कपूर यांच्या अभिनयात खोट काढायला जागा नव्हती. तरी त्या पालुपदाला समोरून मिळणारी जुनी भाबडी साथच हरवली होती, आणि पहिल्यासारखा जम बसला नाही.

‘सीआयडी’चे उदाहरण वेगळे. १९९८ ते २०१८ अशी वीस वर्षे चालून थांबलेली ही मालिका डिसेंबर २०२४ मध्ये पुन्हा सुरू झाली, शिवाजी साटम, आदित्य श्रीवास्तव आणि दयानंद शेट्टी या तिघांसह. खंड सहाच वर्षांचा असल्याने तिला रियुनियन म्हणावे का, हा वाद घालता येईल. परतताना अभिजीत आणि दया एकमेकांचे वैरी दाखवले गेले. मात्र वैर दाखवायलाही दोघांना समोरासमोर उभे करावे लागते, आणि लेखकांनी ते केले. दरवाजे तोडण्याचे काम परतल्यावरही दयाकडेच राहिले.