वजन उतरणं वेगळं आणि फिटनेस वाढणं वेगळं

"महिना झाला रोज चालतेय, काटा हलत नाही, मग उपयोग काय?" हे इतक्या जणांकडून ऐकलंय ना, आणि दर वेळी जीव तुटतो, कारण पुढचं वाक्य बहुतेक वेळा "मग सोडून दिलं" हेच असतं. म्हणजे शरीर आतून सुधारायला लागलेलं असतं आणि माणूस नेमका तेव्हाच थांबतो, का तर भलत्याच आकड्याकडे बघत बसला म्हणून.

काट्यावर नुसती चरबी मोजली जात नाही. हाडं, स्नायू, पोटातलं अन्न आणि पाणी, सगळं एकत्र येतं आणि त्यात पाणी सगळ्यात जास्त फसवतं. लिव्हर आणि स्नायूंमध्ये साखरेचा जो साठा असतो (ग्लायकोजेन म्हणतात) तो दर ग्रॅममागे साधारण 3 ग्रॅम पाणी धरून ठेवतो, त्यामुळे खाणं कमी केलं की तो साठा उतरतो आणि पहिल्याच आठवड्यात दीड-दोन किलोसुद्धा जाऊ शकतात, माणूस खूश, पण त्यात बरंचसं पाणीच असतं. पुढे वेग मंदावतो आणि वाटतं डाएट चालेनासं झालं. चाललेलं असतं हो, आता कुठे खरी चरबी हळूहळू जात असते! उलटंही होतं, रात्री खारट खाल्लं की सकाळी काटा किलोभर वर. आता 1 किलो चरबी म्हणजे साधारण 7,700 कॅलरी, गरजेपेक्षा एवढं जास्तीचं एका रात्रीत कोण खाणार? नव्याने वजनं उचलायला लागलात तर दुखरे स्नायूही काही दिवस पाणी धरून ठेवतात, तेव्हा काटा वर गेला म्हणून घाबरू नका.

फिटनेसचं सगळं काम आत चालतं. हृदय एका ठोक्यात जास्त रक्त ढकलायला लागतं म्हणून बसल्या जागची नाडी कमी होते, स्नायू रक्तातली साखर जास्त चांगली उचलतात (एकदाच व्यायाम केला तरी हा परिणाम दिवसभर तरी टिकतो), बीपी थोडं खाली येऊ शकतं, झोप सुधारते. आणि यातलं बरंच काही वजन जिथल्या तिथे असतानाही होतं, हेच लोकांना पटत नाही. जेरेमी मॉरिस या ब्रिटिश संशोधकाने 1953 साली लंडनच्या बसवाल्यांवरचा अभ्यास छापला, त्यात दिवसभर बसून असणाऱ्या ड्रायव्हरांपेक्षा डबल डेकरचे जिने चढउतार करणाऱ्या कंडक्टरांमध्ये हृदयविकार कमी आढळला. ते काही कुणी वजन कमी करायला जिने चढत नव्हते.

मग कशाने काय होतं? वजनावर जास्त जोर खाण्याचा चालतो. अर्धा तास झपझप चालून सव्वाशे-दीडशे कॅलरी जातात, तेवढ्या दोन घासांत परत येतात, म्हणून फक्त वजनासाठी चालणारा माणूस लवकर कंटाळतो. पण नुसतं खाणं कमी करत राहिलात तर चरबीबरोबर स्नायूही जातात, आणि ते वय वाढेल तसे मुळातच कमी होत असतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2020 च्या सूचनांमध्ये मोठ्यांसाठी आठवड्याला 150 ते 300 मिनिटं मध्यम व्यायाम आणि त्याशिवाय निदान दोन दिवस ताकदीचा व्यायाम आहे, तो याचसाठी. मध्यम म्हणजे चालताना बोलता येतं पण गाणं म्हणता येत नाही, इतका.

माझं म्हणणं एवढंच की उत्साह काट्याला बांधू नका. सकाळी अंथरुणातून उठायच्या आधी मनगटावर दोन बोटं ठेवून 30 सेकंद नाडी मोजा, दुप्पट करा, तारीख घालून लिहून ठेवा. तोच जिना चढून वर गेल्यावर फोनवर सलग बोलता येतं का तेही महिन्याने बघा. हे आकडे पाण्यामुळे रोज वरखाली होत नाहीत (ताप किंवा झोपमोड असेल तर नाडी वाढते, तो दिवस सोडून द्या). वजन करायचंच असेल तर एकाच वेळेला करा आणि आठवड्याची सरासरी धरा.

अजून एक, काहीच न करता वजन उतरत असेल तर खूश होऊ नका, डॉक्टरांना दाखवा, त्यामागे थायरॉइड, डायबेटिस किंवा आणखी काही असू शकतं.