रॉन फेलोज

फेलोज, रॉन : (२८ सप्टेंबर १९५९ – ). कॅनडाचे मोटार शर्यतपटू. नॅसकार या अमेरिकी संस्थेच्या स्टॉक कार शर्यतींत, विशेषतः डाव्या-उजव्या वळणांच्या मार्गांवर, त्यांनी नाव मिळवले. शेव्हरोले कंपनीच्या कॉर्व्हेट या क्रीडामोटारीच्या शर्यतसंघाचे ते पहिल्या फळीतील चालक होते आणि पुढे कॅनडातील मॉसपोर्ट या शर्यतमार्गाचे सहमालक झाले. त्यांचा जन्म ऑन्टारिओ प्रांतातील विंझर येथे झाला. नदीच्या एका तीरावर विंझर आणि पैलतीरावर डेट्रॉइट असल्यामुळे दोन्ही शहरांचे पोट मोटार कारखान्यांवर चालत आले आहे. तिथल्या मुलाला मोटारींचे वेड लागणे स्वाभाविक होते. त्या वेडाचा व्यवसाय होण्यासाठी मात्र फेलोज यांना बराच काळ थांबावे लागले, कारण मोटार शर्यत हा पैसे ओतल्याशिवाय सुरूच न होणारा खेळ आहे. ज्या शर्यतींसाठी ते आज ओळखले जातात त्या बहुतेक त्यांनी वयाची पस्तिशी ओलांडल्यावर धावलेल्या आहेत.

स्टॉक कार म्हणजे नावापुरती दुकानात मिळणारी गाडी. बाहेरचा पत्रा ओळखीच्या गाडीसारखा दिसतो, पण आत पोलादी नळ्यांचा सांगाडा, पुढे आठ सिलिंडरांचे दणकट इंजिन, हाताने बदलायचे गिअर (फेलोज यांच्या काळी चार) आणि सुमारे दीड टन वजन असा सगळा मामला असतो. अमेरिकेत या शर्यती मुख्यतः अंडाकृती मार्गावर होतात. तिथे चालक फक्त डावीकडे वळतो, गिअर क्वचित बदलतो आणि त्याचे सारे कौशल्य तासनतास इंचाइंचाच्या अंतराने चाललेल्या इतर गाड्यांमध्ये आपली गती राखण्यात लागते. त्या कौशल्याला कमी लेखणे चूक ठरेल. पण तीच जड गाडी चढउताराच्या, दोन्हीकडे वळणाऱ्या मार्गावर आणली की प्रश्न बदलतात. प्रत्येक फेरीत अनेकदा जोरात ब्रेक दाबावा लागतो, एकाच पायाच्या पंजाने ब्रेक आणि टाचेने वेगाची पट्टी सांभाळत खालचा गिअर टाकावा लागतो आणि मागची चाके घसरण्याच्या बेतात असतानाच वळणाबाहेर पडावे लागते. हे सर्व करताना ब्रेक इतके तापतात की अखेरच्या फेऱ्यांसाठी ते राखून वापरणे हीच एक स्वतंत्र कला होऊन बसते.

१९९० च्या दशकात आणि त्यानंतरही बरीच वर्षे नॅसकारच्या सर्वोच्च, म्हणजे कप मालिकेतील वर्षाच्या सुमारे तीस किंवा अधिक शर्यतींपैकी अशा मार्गावर फक्त दोन होत : कॅलिफोर्नियातील सोनोमा आणि न्यूयॉर्क राज्यातील वॉटकिन्स ग्लेन. गुण चालकाप्रमाणे गाडीच्या मालकाच्या खात्यावरही जमा होत असल्याने गुणतक्त्यात मागे असलेले किंवा एखादी जादा गाडी उतरवू शकणारे मालक या दोन आठवड्यांसाठी बाहेरून निष्णात चालक बोलावत. अमेरिकी प्रेक्षक अशा भाडोत्री चालकाला ‘रिंगर’ म्हणत. बोरिस सेड आणि स्कॉट प्रुएट हे त्यांतले आणखी दोन ठळक चालक. फेलोज या वर्गाचे सर्वांत यशस्वी प्रतिनिधी होते, असे म्हणायला पुरेसा आधार आहे. आणि ‘पाहुणा’ हा शिक्का त्यांच्या कारकिर्दीवर अन्याय करतो, असेही या नोंदीत स्पष्ट सांगणे भाग आहे. वर्षातून एकदोनदा परक्या संघाच्या परक्या गाडीत बसायचे, तांत्रिकांशी ओळख होते न होते तोच गाडी जुळवून घ्यायची आणि वर्षभर एकमेकांशी झुंजणाऱ्या चाळीस जणांना मागे टाकायचे, हे काम नियमित चालकाच्या कामापेक्षा सोपे नाही.

फेलोज यांची घडण ट्रान्स-अ‍ॅम या वळणांच्या मार्गांवरील मालिकेत झाली. तिथल्या गाड्यांचा सांगाडाही नळ्यांचा आणि इंजिनही आठ सिलिंडरांचे असे, पण वजन कमी आणि ब्रेक अधिक भक्कम असत. स्टॉक कारकडे येताना त्यामुळे त्यांना नवी भाषा शिकावी लागली नाही. त्याच भाषेचा एक जडशीळ उच्चार तेवढा आत्मसात करावा लागला. १९९७ मध्ये वॉटकिन्स ग्लेन येथे नॅसकारच्या ट्रक मालिकेची, म्हणजे पिकअप ट्रकांची, शर्यत त्यांनी जिंकली. पुढच्याच वर्षी तिथेच कप मालिकेच्या खालोखालच्या, म्हणजे दुसऱ्या क्रमांकाच्या आणि तेव्हा ‘बुश’ नावाने चालणाऱ्या मालिकेत त्यांना विजय मिळाला. १९९९ मध्ये ट्रक शर्यत त्यांनी पुन्हा जिंकली आणि बुश मालिकेतील तिथलीच शर्यत २००० व २००१ अशी लागोपाठ दोन वर्षे जिंकली. पाच वर्षांत एकाच मार्गावर पाच विजय. सुमारे चार किलोमीटरच्या त्या मार्गावर सरळ रेषेच्या शेवटी ‘नव्वद’ नावाचे काटकोनी उजवे वळण येते. अंडाकृती मार्गावर मुरलेला चालक तिथे एकतर फार लवकर ब्रेक मारतो नाहीतर फार उशिरा, आणि फेलोज यांची कमाई पुष्कळदा त्याच वळणावर होत असे.

बुश मालिकेतील हे तिन्ही विजय त्यांना जो नेमेचेक यांच्या संघाच्या ८७ क्रमांकाच्या गाडीत मिळाले. स्वतः चालक असलेल्या मालकाचा हा छोटा संघ होता. याच संघाच्या गाडीतून फेलोज यांनी ऑगस्ट १९९९ मध्ये वॉटकिन्स ग्लेनची कप शर्यत धावली आणि दुसरा क्रमांक मिळवला. पहिले आले ते जेफ गॉर्डन, म्हणजे त्या काळी अशा मार्गांवर नियमित चालकांमध्ये ज्यांना तोड नव्हती ते. पाच वर्षांनी, २००४ मध्ये, ख्यातनाम स्टॉक कार चालक डेल अर्नहार्ट यांनी स्थापन केलेल्या संघाच्या १ क्रमांकाच्या गाडीत फेलोज यांनी तिथेच अगदी मागच्या रांगेतून सुरुवात केली आणि जवळपास सगळा ताफा ओलांडून ते टोनी स्टुअर्ट यांच्या मागोमाग दुसरे आले. कप मालिकेत त्यांना विजय कधीच मिळाला नाही. मात्र विजयांच्या यादीपेक्षा हे दोन दुसरे क्रमांक त्यांची योग्यता अधिक नेमकी सांगतात, कारण दोन्ही वेळा त्यांच्या पुढे राहिलेला एकमेव चालक त्या पिढीतला अव्वल होता.

या मालिकेत कॅनडाच्या चालकाला विजय मिळालाच नाही, असे मात्र नाही. प्रिन्स एडवर्ड बेटावर जन्मलेले आणि ऑन्टारिओतील एल्सा क्रेग गावी राहणारे अर्ल रॉस यांनी २९ सप्टेंबर १९७४ रोजी व्हर्जिनियातील मार्टिन्सव्हिल येथील ५०० फेऱ्यांची कप शर्यत जिंकली होती. ज्युनिअर जॉन्सन यांच्या संघाची ती गाडी होती आणि मद्य कंपनीचे प्रायोजकत्व तिला होते. रॉस त्या वर्षीचे सर्वोत्तम नवोदित ठरले. पण हंगाम संपताच प्रायोजक गेला आणि त्याबरोबर त्यांची जागाही गेली. पुढे तीसहून अधिक वर्षे अमेरिकेबाहेरच्या कोणत्याही चालकाला कप शर्यत जिंकता आली नाही. २००७ मध्ये सोनोमा येथे कोलंबियाच्या हुआन पाब्लो मोंटोया यांनी ती खंडित परंपरा जोडली. फेलोज यांचे कप मालिकेतील दोन्ही दुसरे क्रमांक या मधल्या पोकळीत बसतात.

स्टॉक कार हा त्यांच्या वर्षाचा छोटा भाग होता. कॉर्व्हेटने १९९९ मध्ये डेटोनाच्या २४ तासांच्या शर्यतीत सी-५ आर ही गाडी प्रथम उतरवली, तेव्हापासून फेलोज त्या संघात होते. फेब्रुवारी २००१ मध्ये त्यांनी जॉनी ओकॉनेल, क्रिस नायफेल आणि फ्रँक फ्रेऑन यांच्यासह तीच शर्यत जिंकली, तीही केवळ आपल्या गटात नव्हे तर सर्व गटांत मिळून, कारण अधिक वेगवान गाड्या रात्रभरात एकेक करून कोलमडल्या. त्याच संघाच्या दुसऱ्या गाडीत डेल अर्नहार्ट आणि त्यांचा मुलगा डेल अर्नहार्ट ज्युनिअर होते. ती गाडी चौथी आली. दोन आठवड्यांनी, १८ फेब्रुवारीला, त्याच डेटोनाच्या मार्गावर अर्नहार्ट यांचा शर्यतीत मृत्यू झाला. स्टॉक कारच्या जगातील सर्वांत मोठ्या नावाने आयुष्यातल्या अखेरच्या काही शर्यतींपैकी एक फेलोज यांच्या संघात सहकारी म्हणून धावली होती. अर्नहार्ट यांच्या नावाच्या संघाने फेलोज यांना पुढे गाडी दिली आणि आणखी काही वर्षांनी मुलाच्या संघानेही दिली, हे या पार्श्वभूमीवर लक्षात घेण्याजोगे आहे.

त्याच वर्षी जून महिन्यात ओकॉनेल आणि प्रुएट यांच्यासह फेलोज यांनी फ्रान्समधील ल माँच्या २४ तासांच्या शर्यतीत आपल्या गटात पहिला क्रमांक मिळवला. ती शर्यत पावसाने झोडपून काढलेली होती. २००२ मध्ये त्यांनी हा विजय पुन्हा मिळवला. अमेरिकन ल माँ मालिकेतील आपल्या गटाचे विजेतेपदही त्यांच्याकडे २००२ आणि २००३ मध्ये आले. शेव्हरोलेने २००७ मध्ये त्यांच्या नावाची खास कॉर्व्हेट काढली : पांढरा रंग, पुढच्या चाकावरच्या पत्र्यावर लाल पट्टे आणि एकूण ३९९ गाड्या.

आता माँट्रियल. नॅसकारने आपली दुसऱ्या क्रमांकाची मालिका २००७ मध्ये नोत्रदाम बेटावरील जील व्हिलनव्ह मार्गावर आणली. तो ४.३६ किलोमीटरचा मार्ग तोवर फॉर्म्युला वनसाठी ओळखला जात होता. पहिल्या वर्षी क्यूबेकचे पॅट्रिक कारपाँतिए दुसरे आले. दुसऱ्या वर्षी, २ ऑगस्ट २००८ रोजी, शर्यतीच्या वेळी पाऊस आला. स्टॉक कारच्या तेव्हाच्या रूढीप्रमाणे पाऊस म्हणजे थांबणे. अंडाकृती मार्गावर गुळगुळीत, नक्षी नसलेले टायर पाण्यावर तरंगतात आणि तिरक्या भिंतीलगत तो धोका पत्करण्यात अर्थ नसतो. वळणांच्या मार्गांसाठी मात्र नक्षीचे पावसाळी टायर बनवून ठेवलेले होते. १९९७ मध्ये जपानमधील सुझुका येथे प्रदर्शनीय शर्यतीच्या सरावात ते वापरलेही गेले होते. गुण मोजल्या जाणाऱ्या शर्यतीत ते प्रथमच धावले ते माँट्रियलमध्ये.

दृश्य विलक्षण होते. समोरच्या काचेवर बसवलेला एकुलता एक वायपर, आतून दाटलेली वाफ आणि पुढच्या गाडीने उडवलेल्या पाण्याची भिंत. कारपाँतिए काच पुसण्यासाठी हातात पुसणी घेऊन चालत्या गाडीच्या खिडकीतून हात बाहेर काढताना दिसले. झाक व्हिलनव्ह पिवळा झेंडा असताना, म्हणजे गाड्या हळू चालत असतानाच, पुढे काही दिसत नसल्यामुळे आदळून शर्यतीबाहेर गेले; आणि हा मार्ग तर त्यांच्या वडिलांच्या नावाचा. ऑस्ट्रेलियाचे मार्कोस अँब्रोस दिवसभर सर्वांत वेगवान होते, परंतु पिटच्या, म्हणजे टायर-इंधनासाठी थांबण्याच्या, मार्गिकेत वेगमर्यादा ओलांडल्याबद्दल त्यांना दंड झाला आणि फेलोज पुढे निघाले. अंधुक प्रकाश आणि वाढता पाऊस पाहून अधिकाऱ्यांनी ७४ पैकी ४८ फेऱ्यांनंतर शर्यत संपल्याचे जाहीर केले. फेलोज पहिले, कारपाँतिए दुसरे, अँब्रोस तिसरे. पहिले दोन्ही क्रमांक कॅनडाच्या चालकांचे होते.

हा विजय दंडामुळे पदरात पडला, असे म्हणणारे तेव्हाही होते. दंडाचा वाटा नाकारता येत नाही. पण पावसात आघाडी मिळणे आणि ती टिकवणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ओल्या मार्गावर कोरड्या दिवसाची नेहमीची रेषा रबर बसून सर्वांत निसरडी होते. अनुभवी चालक ती सोडून वळणाच्या बाहेरून पकड शोधत जातो, ब्रेक आधी आणि हलका लावतो आणि वेग वाढवताना पाय अक्षरशः कणाकणाने दाबतो. सात वर्षांपूर्वी ल माँच्या मुसळधार पावसात २४ तास काढलेल्या माणसाजवळ हे ज्ञान होते. गाडी डेल अर्नहार्ट ज्युनिअर यांच्या संघाची, ५ क्रमांकाची होती आणि फेलोज ४८ वर्षांचे होते. कप मालिकेला गुणांच्या शर्यतीत पावसाळी टायर चढवायला २०२० साल उजाडले.

त्यानंतरही ते अधूनमधून धावत राहिले. २०११ मध्ये विस्कॉन्सिनमधील रोड अमेरिका मार्गावर नॅसकारच्या दुसऱ्या क्रमांकाच्या मालिकेत ते दुसरे आले. पण रिंगरांचा काळ ओसरत होता. नियमित चालकांपैकी अनेकांनी वळणांच्या मार्गांची रीतसर तालीम घेतली, संघांनी अशा शर्यतींसाठी स्वतंत्र गाड्या बांधल्या आणि बाहेरून माणूस आणण्याची गरज कमी झाली.

२०११ मध्येच फेलोज यांनी उद्योजक कार्लो फिदानी यांच्या भागीदारीत टोरांटोच्या पूर्वेकडील मॉसपोर्ट मार्ग विकत घेतला. १९६१ मध्ये सुरू झालेल्या या मार्गावर कॅनडाची पहिली फॉर्म्युला वन ग्रां प्री १९६७ मध्ये झाली होती. चार किलोमीटरला थोडा कमी असा हा मार्ग टेकड्यांच्या अंगावरून वेगाने उतरतो आणि चढतो. काळाच्या ओघात तिथल्या सोयी मागे पडल्या होत्या. नव्या मालकांनी डागडुजी हाती घेतली आणि २०१२ पासून तो ‘कॅनेडियन टायर मोटरस्पोर्ट पार्क’ या नावाने ओळखला जाऊ लागला. २०१३ मध्ये नॅसकारची ट्रक मालिका तिथे आली आणि पहिल्या शर्यतीत १७ वर्षांच्या चेस एलियट यांनी नॅसकारच्या राष्ट्रीय मालिकांतील आपला पहिला विजय नोंदवला. २०१९ पर्यंत ही शर्यत दरवर्षी होत राहिली. २०१६ मध्ये शेवटच्या वळणावर दोन ट्रक एकमेकांना घासत गवतात शिरले आणि ज्याला विजेता घोषित करण्यात आले तो होता जॉन हंटर नेमेचेक, ८७ क्रमांकाची गाडी फेलोज यांना देणाऱ्या जो नेमेचेक यांचा मुलगा.