हात हलला की माणूस हलला?

झूम २०० मिलिमीटरवर न्या, व्ह्यूफाइंडरला डोळा लावा आणि लांबच्या एखाद्या पाटीवरची अक्षरं वाचायचा प्रयत्न करा. पाटी एका जागी राहतच नाही. श्वासाबरोबर ती वरखाली होते आणि शिवाय एक बारीक थरथर सतत चालू असते. आता शटरचं बटण अर्धं दाबा. लेन्समधून हलकी घरघर ऐकू येते आणि सेकंदभरात पाटी जागच्या जागी रोवल्यासारखी स्थिर होते. मी हे कितीतरी वेळा पाहिलंय, पण नवल काही ओसरत नाही.

अर्थात, हे घडतं ते लेन्समध्ये स्टॅबिलायझर, म्हणजे हाताची थरथर सावरणारी यंत्रणा, असेल तरच. तीच झूम लेन्स स्टॅबिलायझरशिवायही मिळत असेल, तर जास्तीचे पैसे मोजावेत का?

आधी थरथरीचं बोलू. अगदी धडधाकट माणसाचा हातही सेकंदाला साधारण ८ ते १२ वेळा कंप पावतो. आपल्याला ते जाणवत नाही, लेन्सला मात्र जाणवतं. २४ मेगापिक्सेलच्या फुल-फ्रेम (३५ मिलिमीटर फिल्मच्या चौकटीएवढ्या) सेन्सरवरचा एक पिक्सेल, म्हणजे चित्राचा एक ठिपका, सुमारे ६ मायक्रॉनचा असतो; मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. २०० मिलिमीटरवर हा एक पिक्सेल म्हणजे १०० मीटरवरची अवघी ३ मिलिमीटर जागा. कॅमेरा धरून ठेवला आणि २० सेंटिमीटर लांबीच्या लेन्सचं पुढचं टोक फक्त ६ मायक्रॉन सरकलं, तरी चित्र एका पिक्सेलवरून शेजारच्या पिक्सेलवर जातं. आपला केस सुमारे ७० मायक्रॉन जाड असतो. म्हणजे केसाच्या बाराव्या हिश्शाइतकी हालचालही फोटोत उतरते! म्हणूनच २०० मिलिमीटरला शटर निदान १/२०० सेकंद ठेवा, असा फिल्मच्या काळापासूनचा ठोकताळा आहे. आजच्या दाट पिक्सेलच्या सेन्सरना तोही कधीकधी अपुरा पडतो.

स्टॅबिलायझरमध्ये वळण्याची गती मोजणारे दोन चिमुकले जायरो सेन्सर असतात. एक वरखाली होणारा झोक मोजतो, दुसरा डावीउजवीकडचा. त्या मोजमापावरून विद्युतचुंबक भिंगांचा एक गट आडवा सरकवतात आणि भरकटणारी प्रतिमा पुन्हा सेन्सरवरच्या तिच्या जागी आणतात. एसएलआर (आत आरसा असलेल्या, लेन्स बदलता येणाऱ्या) कॅमेऱ्यासाठी अशी पहिली लेन्स कॅननने १९९५ साली आणली, ७५-३०० मिलिमीटरची झूम. तिच्यामुळे दोन स्टॉपची सवलत मिळायची; एक स्टॉप म्हणजे शटर दुप्पट वेळ उघडं ठेवायची मुभा. पुढे चार स्टॉपपर्यंत मजल गेली. चार स्टॉप म्हणजे १/२०० ऐवजी जवळपास १/१३ सेकंदाला हातात धरून फोटो!

पण खरी मेख इथेच आहे. स्टॅबिलायझर तुमचा हात सावरतो, समोरच्या माणसाला थांबवत नाही. रमतगमत चालणारा माणूस १/१३ सेकंदात दहा सेंटिमीटर पुढे गेलेला असतो, तर १/२०० सेकंदात जेमतेम ७ मिलिमीटर. मागची भिंत कोरीव आणि माणूस पुसट, असा फोटो हाती येतो. सेकंदाला ३ मीटर धावणाऱ्या मुलाचं तर विचारूच नका.

म्हणून बऱ्याचदा खरी निवड असते ती एफ/४ स्टॅबिलायझरसह घ्यायची की एफ/२.८ स्टॅबिलायझरशिवाय, अशी. (एफचा आकडा लेन्सचं छिद्र किती उघडतं ते सांगतो; आकडा लहान, तितकं छिद्र मोठं.) एफ/२.८ दुप्पट प्रकाश आत घेते, म्हणजे त्याच आयएसओला (सेन्सरच्या प्रकाशसंवेदनशीलतेच्या सेटिंगला) १/२०० चं १/४०० करता येतं आणि समोरची हालचालही त्या प्रमाणात गोठते. मात्र वजनाचाही विचार करा. कॅननच्या ईएफ ७०-२०० लेन्समध्ये स्टॅबिलायझरशिवायची एफ/२.८ होती १३१० ग्रॅमची आणि स्टॅबिलायझरवाली एफ/४ ७६० ग्रॅमची. दिवसभर गळ्यात अडकवल्यावर हा फरक मानेला कळतो.

खेळ किंवा उडते पक्षी टिपताना शटर १/१००० च्या पुढेच असतं. तिथे स्टॅबिलायझर निशाणा धरायला मदत करतो, पण फोटोच्या स्पष्टतेत फारशी भर घालत नाही. ट्रायपॉडवर काम करणाऱ्याला तर तो बंदच करावा लागतो, कारण काही जुन्या लेन्स स्थिर ट्रायपॉडवर उलट स्वतःच कंप निर्माण करतात. संधिप्रकाशातली निसर्गदृश्यं, ट्रायपॉडला मनाई असलेल्या इमारतींचे अंतर्भाग, हातात धरून केलेलं व्हिडिओ शूटिंग, यांसाठी मात्र मी बिनदिक्कत स्टॅबिलायझरवालीच घेईन. कॅमेऱ्याच्या बॉडीत स्टॅबिलायझेशन असेल तर लेन्समधल्याची निकड कमी होते. पण फोकल लेंथ (लेन्सचा तो २०० मिलिमीटरसारखा आकडा) वाढते तसं सेन्सरला जास्त सरकावं लागतं आणि त्याला जागा मर्यादित असते, त्यामुळे लांबच्या झूमला लेन्समधलाच जास्त उपयोगी पडतो.

खरेदीपूर्वी तुमचे आजवरचे फसलेले फोटो उघडा आणि पूर्ण मोठे करून पाहा. सगळी चौकट, अगदी भिंतीवरचा खिळासुद्धा, एकाच दिशेला ओढल्यासारखी दिसते का? मग हात हलला होता. खिळा स्पष्ट आणि चेहराच फरफटलेला? मग माणूस हलला होता. दोन्ही ढीग वेगळे करा आणि कुठला मोठा होतो ते मोजा.