जेवणानंतरचं थंड पाणी आणि अन्नातली चरबी

‘जेवणानंतर थंड पाणी प्यायल्यास अन्नातलं तेल गोठतं, आतड्याला चिकटतं आणि पुढे कॅन्सर होतो,’ हा मेसेज वर्षानुवर्षं फिरतोय. तो काळजीपोटीच पाठवला जातो, आणि गार पाण्यात तूप थिजताना पाहिलेल्याला तो पटणं साहजिक आहे.

पण पोट म्हणजे गार भांडं नव्हे. शरीराचं आतलं तापमान 37 अंशांच्या आसपास असतं. थंड घोट तोंडातच कोमट व्हायला लागतो. गार पाण्याची चूळ मिनिटभर तोंडात धरून बघा, लगेच कळेल. उरलेला गारवा जठरात थोड्याच वेळात नाहीसा होतो, आणि चरबीचं खरं पचन त्यानंतर, लहान आतड्यात होतं. तिथे यकृतात तयार झालेलं पित्त चरबीचे बारीक थेंब करतं, मग स्वादुपिंडातला पाचकरस ते फोडतो आणि आतडं ते शोषून घेतं.

पित्ताचं काम घरीही पाहता येतं. कोमट पाण्याच्या दोन ग्लासांत चमचा-चमचा तेल घाला, एकात भांडी घासायच्या लिक्विडचे चार थेंब टाका आणि दोन्ही ढवळा. साध्या पाण्यात तेल पुन्हा वर तरंगतं. दुसऱ्यातलं पाणी दुधट होतं, तेल त्यात विखुरलेलं राहतं.

कॅन्सरशी या पाण्याचा संबंध नाही. मात्र शौच वारंवार फिकट, तेलकट, तरंगणारं होत असेल तर चरबी नीट पचत नसण्याची शक्यता असते. तेव्हा पाण्याला दोष देत बसू नका, डॉक्टरांना दाखवा.