तलावपाळी (ठाणे)

ठाणे शहरातील मासुंदा तलावाचा काठ आणि त्याला लागून असलेला विरंगुळ्याचा परिसर. पाळ म्हणजे तलावाचा बांध. त्यावरून हे नाव. कागदोपत्री तलाव मासुंदा असला, तरी ठाणेकर एकमेकांना भेटायला बोलावतो तो ‘तलावपाळीला’च.

ठाणे स्टेशनच्या पश्चिमेला पायी जाण्याजोग्या अंतरावर हा तलाव आहे. काठावर सेंट जॉन द बाप्टिस्ट चर्च आहे, तर जवळच कौपिनेश्वराचे मंदिर. १७३७ मध्ये ठाणे पोर्तुगीजांकडून मराठ्यांच्या ताब्यात आले आणि पुढे १७६० मध्ये सरसुभेदार रामाजी महादेव बिवलकर यांनी या मंदिराचा जीर्णोद्धार केला. म्हणजे एका फेरफटक्यात शहराच्या दोन राजवटी पाहून होतात.

आजच्या तलावपाळीला खरी ओळख दिली ती राम गणेश गडकरी रंगायतनाने. हे नाट्यगृह १९७८ मध्ये तलावाच्या काठावर उभे राहिले. ठाण्याच्या नाट्यवेड्या घरांना हक्काचा रंगमंच मिळाला, हे तर झालेच. पण नाटकाआधीची आणि नंतरची संध्याकाळही त्याच काठावर रुळली. तिसरी घंटा होईपर्यंत आजोबा कठड्याशी वारा खात उभे, नातवंडांचे डोळे पायडलच्या होड्यांवर, आणि आई पर्समधली तिकिटे पुन्हा एकदा तपासतेय. मध्यंतरातला गरम बटाटावडा आणि वाफाळता चहा चुकला, तर नाटक पुरते पाहिल्यासारखे वाटत नाही. प्रयोग सुटला की बाहेरच्या गाड्यांवर भेळ खाता खाता त्याची चिरफाड सुरू होते. समीक्षेची ही जागा कुठल्याही सभागृहाइतकीच महत्त्वाची मानायला हवी. नूतनीकरणासाठी २०२४ मध्ये बंद झालेले रंगायतन २०२५ मध्ये पुन्हा खुले झाले.

दिवाळीच्या पहिल्या दिवशी मात्र रंगमंच बाहेर येतो. अभ्यंगस्नान आटोपून, नवे कपडे घालून तरुणाई सकाळीच तलावपाळी आणि राम मारुती रोडवर लोटते. पहाटेच्या मैफलींपासून ढोल-ताशे आणि डीजेपर्यंत सगळे इथे असते. गर्दीत पाऊल टाकायला जागा उरत नाही, पण शाळा सुटल्यावर पांगलेले मित्र याच गर्दीत नेमके सापडतात. गुढीपाडव्याच्या सुमारास काठावर पणत्या लागतात.

एरवी पहाटे इथे फेऱ्या मारणारे ज्येष्ठ असतात, आणि संध्याकाळी होडीसाठी हट्ट धरून बसलेली मुले.