मरणाची आठवण: गोव्यात ही गोष्ट आली कुठून

रोज मरणाची आठवण करून देणारी ॲप आता निघालीत, 'मेमेंटो मोरी' (लॅटिनमध्ये 'मरण लक्षात ठेव') कोरलेली नाणी ऑनलाइन मिळतात, रील्स तर विचारूच नका, त्यामुळे खूप जणांना वाटतं की मरण लक्षात ठेवून नीट जगायचं ही कुठली तरी नवी परदेशी आयडिया आहे. गोव्यात राहणाऱ्याने तरी असं म्हणू नये. इथल्या ख्रिस्ती दफनभूमींच्या दारावर कोंकणीत लिहिलेलं दिसतं, "आयज म्हाका, फाल्यां तुका". आज माझी पाळी, उद्या तुझी. ही ओळ लॅटिनमधून आली, युरोपातल्या कबरींवर ती शतकानुशतकं कोरत आलेत, पण कोंकणीत ती अशी बसलीय की बाहेरची वाटतच नाही.

तसा विचार आपल्याकडेही जुनाच. महाभारतात यक्ष विचारतो, सगळ्यात मोठं आश्चर्य कुठलं, आणि युधिष्ठिर सांगतो की रोज माणसं यमाच्या घरी जाताना दिसतात तरी मागे उरलेल्यांना आपण कायम राहणार असं वाटतं. कठोपनिषदातला नचिकेता तर थेट यमाच्या दारात जाऊन बसला, धनदौलत नको म्हणाला आणि मरणानंतर काय तेवढं सांग म्हणाला. बौद्ध भिक्षूंना मरणसती म्हणजे मरणाचं स्मरण शिकवायचे, शिवाय स्मशानातलं प्रेत कसकसं कुजत जातं ते मनात आणून ध्यानही करायचं. आणि आपल्या तुकोबांनी आपलं मरण आपल्या डोळ्यांनी पाहिलं म्हणून सांगितलं, वर त्याला सोहळा म्हटलं. हे फक्त वैराग्याचं बोलणं आहे असं समजून आपण पुढे जातो, मला ते पटत नाही. सोहळा म्हणणारा माणूस जगाला कंटाळलेला नसतो.

रोममध्ये पहिल्या शतकात सेनेका हा तत्त्वज्ञ लिहीत होता की आयुष्य कमी नाहीये, आपणच ते वाया घालवतो. पुढच्या शतकात मार्कस ऑरेलियस या बादशहाने स्वतःसाठी टिपणं लिहिली, त्यातही मरण पुन्हापुन्हा येतं, आणि त्याच्या राज्यात तेव्हा मोठी साथ चालू होती हे विसरून चालत नाही. साथीचा हा धागा पुढेही दिसतो. 1347 ते 1351 च्या प्लेगने युरोपातली किती तरी गावं ओस पाडली, शेवटच्या क्षणी पाद्री मिळेल याची खात्री उरली नाही, आणि पंधराव्या शतकात 'आर्स मोरिएंडी' म्हणजे मरावं कसं हे शिकवणाऱ्या छोट्या पुस्तिका आल्या. अक्षर न येणाऱ्यांसाठी त्यात चित्रं होती.

आता गोवा. 6 मे 1542 ला फ्रान्सिस झेवियर हा ख्रिस्ती धर्मप्रसारक इथे उतरला. त्याचा गुरू इग्नेशियस लोयोला, त्याने साधनेची एक पद्धत तयार केली होती आणि झेवियरने पॅरिसमध्ये ती स्वतः केलेली होती. त्यात एक गोष्ट फार कामाची आहे. मोठा निर्णय घ्यायचा असेल तर अशी कल्पना कर की तू मरणाच्या दारात आहेस, आणि हा निर्णय तेव्हा कसा घेतला असतास तर बरं वाटलं असतं ते बघ, मग आत्ता तसाच घे. बस. नरकाची भीती घालून रडवायचं नाही, मरणाच्या जागेवरून आजच्या दिवसाकडे बघायचं. या सगळ्या इतिहासातली मला सगळ्यात आवडलेली जागा हीच, कारण नोकरी सोडायची का, भावाशी अबोला धरलाय तो संपवायचा का, हे असं विचारलं की उत्तर फार लांब राहत नाही.

झेवियर आला त्याच्या पुढच्याच वर्षी, 1543 मध्ये, गोव्यात मोडशीची, म्हणजे कॉलऱ्याची, भयंकर साथ आली. गास्पार कोरेया या पोर्तुगीज इतिहासकाराने लिहून ठेवलंय की रोज इतके लोक पुरले जात होते की गव्हर्नरने मेलेल्यांसाठी घंटा वाजवायला बंदी केली, लोक घाबरू नयेत म्हणून. घंटा थांबल्या, साथ थोडीच थांबणार होती, ते जुनं शहर, म्हणजे आजचं जुने गोवे, पुढेही साथींनी पोखरत गेलं आणि 1843 मध्ये अधिकृत राजधानी पणजीला आली.

वास्कोतली माणसं मात्र उलटी वागली. 1898 च्या सुमारास तिथे प्लेग आला, तेव्हा लोक जांबावलीच्या दामोदराकडे गेले, तिथून श्रीफळ आणलं आणि अखंड भजन सुरू केलं. तोच आजचा वास्को सप्ताह. श्रावणात चोवीस तास टाळ-मृदंग थांबत नाही, पार म्हणजे भजनाचे गट आलटून पालटून बसतात, बाहेर फेरीत म्हणजे जत्रेच्या बाजारात खाजं, खेळणी, भांडी, आणि सगळ्या धर्मांची माणसं. मरणाच्या भीतीतून निघालेली गोष्ट इतकी भरलेली असू शकते हे मला खूप मोठं वाटतं.

मग हे तुटलं कुठे? माझ्या मते मरण घरातून हॉस्पिटलात गेलं तिथे. आजी ओसरीवर प्राण सोडायची तेव्हा पोरंही बघायची, आता आयसीयूच्या दाराबाहेर खुर्चीवर बसून फोनची वाट बघायची. लंडनमध्ये सिसिली साँडर्स यांनी 1967 मध्ये सेंट ख्रिस्तोफर्स हॉस्पिस, म्हणजे बरं न होणाऱ्या रुग्णांची शेवटपर्यंत काळजी घेणारं ठिकाण, सुरू केलं ते याच अस्वस्थपणातून, आणि भारतातलं पहिलं हॉस्पिस, शांती अवेदना सदन, मुंबईत 1986 ला, ज्याची शाखा आपल्या गोव्यातही आहे.

आणि अगदी अलीकडचं म्हणजे लिव्हिंग विल. सुप्रीम कोर्टाने 9 मार्च 2018 ला सन्मानाने मरण्याचा हक्क मान्य केला, 2023 मध्ये नियम सोपे केले, आणि 31 मे 2024 ला हायकोर्टाच्या गोवा खंडपीठाचे न्यायमूर्ती एम. एस. सोनक यांनी गोव्यातलं पहिलं लिव्हिंग विल केलं. आपण बरे होण्यापलीकडे गेलो आणि बोलता येत नसेल तर व्हेंटिलेटर नको की हवा, ते शुद्धीत असताना लिहून ठेवायचं. लोयोलाचाच प्रश्न, फक्त कागदावर आणि नोटरीसमोर. दोन साक्षीदार लागतात, एक प्रत पंचायतीच्या किंवा पालिकेच्या अधिकाऱ्याकडे जाते, आणि आपल्या वतीने बोलेल अशा माणसाचं नाव घालावं लागतं. "अशुभ बोलू नको गो" म्हणून आपल्या घरांत हा विषय नेहमी बंद केला जातो, पण नाव घालायचं तर त्या माणसाला आधी विचारावंच लागतं.